उन्हापावसाने विटलेला लाकडी डेक पुन्हा उजळायचा, स्टेन करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेकबद्दल, म्हणजे घराला लागून उघड्यावर बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या ओट्याबद्दल, विचारणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठला स्टेन चांगला?’ (स्टेन म्हणजे लाकडाला रंग देणारा आणि ऊन-पाण्यापासून राखणारा द्रव.) तो प्रश्न मी मुद्दाम बराच खाली ढकलला आहे. डबा उघडण्याआधी जे करायचं असतं त्यातच नव्वद टक्के मेहनत जाते, आणि डबा कुठला घ्यायचा तेही त्यातूनच ठरतं.

लाकूड करडं पडलंय. म्हणजे ते कुजलंय का?

बहुतेक वेळा नाही. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. उन्हातले अतिनील किरण या लिग्निनचे तुकडे पाडतात आणि पाऊस ते धुऊन नेतो. मागे उरतात ते फिकट, सुटे पडलेले तंतू. त्यांच्यावर सूक्ष्म काळी बुरशी वस्तीला येते आणि सगळं मिळून तो चंदेरी-करडा रंग होतो. चाकूच्या पात्याने कोपऱ्यातली एखादी जागा हलकेच खरवडून पाहा. मिलिमीटरभरही आत जावं लागत नाही, ताजं पिवळसर-तांबूस लाकूड दिसतं. पाइन-देवदारासारखं नरम लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं, एवढा हा प्रकार संथ असतो.

मग एवढा उपद्व्याप कशाला? कारण तो करडा थर सुटा असतो. त्याच्यावर मारलेला रंग किंवा स्टेन त्या मेलेल्या तंतूंना चिकटतो, खालच्या लाकडाला नाही. तंतू निघाले की त्यांच्यासकट स्टेनही निघतो. उघडं लाकूड काही आठवडे उन्हात राहिलं तरी त्याची पकड कमी होते, डोळ्यांना रंगबदल जाणवण्याच्याही आधी.

डेक वाचवण्यासारखा आहे की उपटून टाकावा, हे कसं ओळखायचं?

एक जुना चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि गुडघ्यांवर बसा. फळीच्या मधोमध टोचून काही कळत नाही, तिथं लाकूड जवळपास नेहमीच ठणठणीत असतं. पाणी जिथं अडकतं तिथं टोचा: फळ्यांची कापलेली टोकं, फळी खालच्या वाशावर टेकते ती जागा, खांबांचे पाय, पायऱ्यांच्या बाजूच्या पाट्या, कठड्याचे सांधे. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी स्ट्रॉसारखं ओढतं, बाजूने ओढतं त्याच्या कित्येक पट वेगाने. त्यामुळे कुजणं नेहमी टोकाकडून सुरू होतं. स्क्रूड्रायव्हर जोर देऊनही दोन-तीन मिलिमीटरपलीकडे जात नसेल आणि लाकडाची लांब कुसळं निघत असतील, तर लाकूड जिवंत आहे. तो केकमध्ये शिरावा तसा आत गेला, किंवा लाकूड लहान चौकोनी ढेकळांसारखं तुटायला लागलं, तर ती फळी गेली.

एखाद-दुसरी फळी बदलणं ही दुरुस्ती झाली. पण वासेच पोकळ झाले असतील तर वरून स्टेन मारणं म्हणजे पडक्या भिंतीला चुना लावणं. सगळ्यात जास्त काळजीने तपासायची ती घराच्या भिंतीला जोडलेली आडवी तुळई. डेक कोसळण्याच्या घटनांत बऱ्याचदा इथलाच सांधा सुटलेला असतो, विशेषतः ती तुळई नुसत्या खिळ्यांवर उभी असेल तर. तिथं बोल्ट किंवा जाड स्ट्रक्चरल स्क्रू दिसायला हवेत. कठडा दोन्ही हातांनी धरून हलवा. हलला, तर आधी जाणकार सुताराला बोलवा. स्टेनला घाई नाही.

खिळे वर आलेत. परत ठोकून बसवू?

ठोकाल, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येतील. लाकूड ओलं होताना फुगतं, वाळताना आकसतं आणि दर वेळी खिळ्याला केसभर वर ढकलतं. शिवाय भोक आता सैल झालेलं असतं. खिळा काढा आणि थोडा लांब, थोडा जाड डेक-स्क्रू बसवा. धातू मात्र बघून घ्या. कुजू नये म्हणून दाबाखाली औषध भरलेल्या बऱ्याच लाकडांत तांबं असतं, आणि ते साध्या पातळ झिंक-मुलाम्याचे स्क्रू खातं. स्टेनलेस किंवा वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून जाड मुलामा दिलेले (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) हवेत. समुद्राजवळ स्टेनलेसच, तेही ३१६ दर्जाचं.

या कामाचा दुसरा फायदा सँडिंगच्या, म्हणजे सँडर या यंत्राला काचकागद लावून लाकूड घासण्याच्या, वेळी कळतो. वर आलेलं एक खिळ्याचं डोकं सँडरचा आख्खा कागद एका सेकंदात टराटरा फाडतं.

पन्हळीसारखी वाकलेली फळी फार वाकली नसेल तर स्क्रूने बरीच सरळ होते. नवीन फळी घालताना शेजारच्या फळीपासून ३ ते ६ मिलिमीटर फट ठेवा, आणि कापलेल्या टोकांना परिरक्षक द्रव लावल्याशिवाय ती जागेवर बसवू नका. नंतर तिथं हात पोचत नाही.

जुना स्टेन अजून थोडा थोडा आहे. तो काढायलाच हवा का?

पाण्याचे थेंब टाकून पाहा, निरनिराळ्या ठिकाणी. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर वर अजून काहीतरी आहे. दहा-पंधरा सेकंदांत जिरला आणि लाकूड गडद झालं तर लाकूड प्यायला तयार आहे.

आता आधीचा स्टेन कोणत्या जातीचा होता हे महत्त्वाचं. लाकडात मुरणारा तेलकट स्टेन असेल तर तो झिजत, फिका होत जातो. तो धुऊन घेतला की वर पुन्हा त्याच जातीचा देता येतो. वर पापुद्रा धरणारा असेल, म्हणजे पोपडे दिसत असतील, नखाने कड उचलता येत असेल, तर तो काढल्याशिवाय सुटका नाही. पापुद्र्यावर मुरणारा स्टेन मारला तर मुरणार कशात? तो वर चिकट राहतो, नाहीतर पहिल्या उन्हात जुन्या थराला घेऊन उडतो.

काढायला डेक-स्ट्रिपर मिळतात. त्यांत बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक असतं. हातमोजे, चष्मा, बंद बूट, आणि सावलीत काम. द्रव वाळू द्यायचा नाही. वाळायला लागला की वरून पाण्याचा हलका फवारा. कॉस्टिकने लाकूड काळवंडतं, ते बघून घाबरू नका. पुढच्या अ‍ॅसिडच्या पायरीत ते उतरतं.

जुन्या लाकडात विषारी काही असू शकतं का?

असू शकतं, आणि सँडर चालू करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचाराच. क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट, ज्याला सीसीए म्हणतात, हे औषध भरलेलं लाकूड अनेक दशकं डेकसाठी सर्रास वापरलं जायचं. त्यात आर्सेनिक असतं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी ते घरगुती वापरातून काढून घेतलं. त्याआधीचा, हिरवट झाक असलेला डेक असेल तर त्याला सँडर लावू नका. त्याच्या ढलप्या शेकोटीत टाकू नका, कारण राखेत आर्सेनिक शिल्लक राहतं. असा डेक सौम्य क्लीनरने, मऊ ब्रशने धुवा आणि त्यावर स्टेन करा. स्टेनमुळे आर्सेनिक बाहेर पाझरणंही कमी होतं. जुना रंग असेल तर शिशाची शंका घ्या. चाचणीच्या काड्या मिळतात.

धुवायचं कशाने? घरातलं ब्लीच चालेल?

घरातलं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते बुरशी मारतं, पण करडेपणा किंवा मळ फारसा काढत नाही. तीव्र असेल तर उरलंसुरलं लिग्निनही फोडतं, मग लाकूड पांढुरकं आणि कापसासारखं केसाळ होतं. मी ते वापरत नाही.

माझी पसंती सोडियम परकार्बोनेटला, म्हणजे बाजारात ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून पांढरी पूड मिळते तिला. पाण्यात पडली की तिचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन भाग होतात. पेरॉक्साइड बुरशी आणि डाग बघतं, सोडा मळ आणि मेलेले तंतू सैल करतो. कोमट पाण्यात ती जास्त जोमाने चालते. प्रमाण पाकिटावर असेल ते घ्या. आधी आजूबाजूची झाडं आणि कोरडा डेक साध्या पाण्याने भिजवा. मग द्रव ओता, १० ते १५ मिनिटं ओलं ठेवा आणि लांब दांड्याच्या राठ ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. तपकिरी फेस वर येतो. एखादा पट्टा पुसून पाहिलात तर खालून एकदम मधासारखं लाकूड दिसतं, आणि या सगळ्या कामातला तो सर्वात सुखाचा क्षण असतो. कितीही वेळा केलं तरी मी त्या पहिल्या पट्ट्यापाशी थांबून बघत बसतो.

कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत वायू साठत राहतो आणि डबा फुटतो. तारेचा ब्रश मुळीच नको. तारेचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके उमटवतात.

आणि कुठलंही क्लोरीन-ब्लीच अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. विषारी वायू होतो. ‘थोडंसंच’ असंही नाही.

प्रेशर वॉशरने एका तासात काम होईल ना?

होईल, आणि त्या एका तासाची आठवण अनेक वर्षं राहील. माझी आहे. पहिल्यांदा भाड्याने आणलेलं मशीन होतं, टोकाला बारीक धारेचं नोझल, आणि हातात नवी सत्ता आल्याचा आनंद. करडा रंग लोण्यासारखा निघत होता. वाळल्यावर दिसलं की फळ्यांवर अर्धवर्तुळाकार चरे पडलेत, हात जसा डावीकडून उजवीकडे फिरला तसे. मऊ भाग उडाला होता, कठीण रेषा उभ्या राहिल्या होत्या. दोन दिवस सँडर फिरवून बरंच गेलं, पण संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की कठड्याजवळचे दोन चरे अजून दिसतात.

मशीन वापरायचंच तर पंख्यासारखी पसरट धार, २५ किंवा ४० अंशांची. पाण्याचा दाब नरम लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) पुरे, कठीण लाकडाला जास्तीत जास्त १२०० ते १५००. नोझल फळीपासून फूटभर दूर, हालचाल रेषांच्या दिशेने, संपूर्ण फळीभर सारखी. त्याला क्लीनर खंगाळून टाकण्याचं साधन समजा, मळ खरवडायचं नव्हे. नळाची जोरदार धार आणि ब्रश यांनीही काम होतं, फक्त पाठ दुखते.

धुतल्यावर लाकूड काळपट आणि ठिपकेदार दिसतंय. काय चुकलं?

काही चुकलं नाही. अल्कली क्लीनरने लाकूड गडद होतं. आणि खिळ्यांभोवतीचे निळे-काळे ओघळ म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची जोडी. पूर्वी लिहायची शाई याच जोडीतून करत, म्हणून तो डाग साबणाने जात नाही, हे ओघानेच आलं.

यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. ‘डेक ब्राइटनर’ म्हणून जे विकतात त्यात बहुतेकदा हेच असतं. ओल्या लाकडावर लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा. काळे ओघळ डोळ्यांदेखत विरतात, आणि आधीच्या क्लीनरची अल्कलीही मारली जाते. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण अल्कली राहिलेल्या लाकडावर तेलकट स्टेन नीट वाळत नाही. स्ट्रिपर वापरला असेल तर ही पायरी कधीच गाळू नका. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड पोटात गेलं तर विष आहे. पूड श्वासात जाऊ देऊ नका, मुलं आणि कुत्री-मांजरं धुणं संपेपर्यंत घरात.

सँडिंग करायलाच हवं? किती नंबरचा कागद?

सगळीकडे नाही. धुऊन वाळल्यावर तळहात फिरवा. केसाळ लागलं, कुसळ टोचलं, तिथं करा. अनवाणी पाय पडतात ती जागा आणि हात टेकतो तो कठडा, एवढं केलं तरी खूप.

फळ्यांना ६० ते ८० नंबर, कठड्याला १००. यापुढे जाऊ नका. फर्निचरची सवय असलेल्याला इथं हात आवरणं जड जातं, १५० आणि २२० लावून आरशासारखं गुळगुळीत करावंसं वाटतं. पण फार गुळगुळीत केलेल्या लाकडात स्टेन मुरायला वाव उरत नाही. तो वर बसतो आणि लवकर उतरतो. त्यातून पावसात पाय घसरतो तो वेगळाच. काम झालं की धूळ ब्लोअरने किंवा व्हॅक्यूमने काढा, फटींतलीसुद्धा. नाकावर साधं फडकं पुरत नाही, धुळीसाठीचा मास्क लावा.

धुतल्यावर किती दिवस वाळू द्यायचं?

कमीत कमी दोन कोरडे दिवस, हवा दमट असेल तर चार-पाच. दिवस मोजण्यापेक्षा लाकडातली ओल मोजा. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर फार महाग नसतो, आणि डेक असलेल्या घरात तो पुन्हा पुन्हा लागतो. १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की सुरू करा. सावलीतल्या फळ्या, पायरीखालचा कोपरा, कुंडीखालची जागा वेगळी मोजा. उन्हातला भाग १२ दाखवतो तेव्हा तिथं १९ असतो.

फार उशीरही नको. धुऊन महिनाभर उघडं ठेवलं तर ऊन पुन्हा आपलं काम सुरू करतं, आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून.

बरं, आता सांगा. कुठला स्टेन चांगला?

डब्यावरचा रंग बघू नका. तो स्टेन मरेल कसा, ते विचारा. प्रत्येक स्टेन कधीतरी संपतोच, आणि तेव्हा तुमच्या वाट्याला कोणतं काम येईल ते आज ठरतं.

पारदर्शक तेल किंवा सीलर पाणी अडवतो, ऊन नाही. रंगद्रव्यच नसेल तर अतिनील किरण थांबवणार कोण? वर्षभरात लाकूड पुन्हा करडं होतं. पण तो गुपचूप मरतो: धुवा, पुन्हा लावा.

अर्धपारदर्शक मुरणारा स्टेन माझ्या मते बहुतेक डेकसाठी योग्य. लाकडाच्या रेषा दिसतात आणि रंगद्रव्य ऊनही अडवतं. सपाट फळ्यांवर साधारण दोन-तीन वर्षं, उभ्या कठड्यावर त्याहून जास्त, कारण उभ्या लाकडावर ऊन तिरपं पडतं आणि पाणी साचत नाही. तो झिजत जातो, पोपडे धरत नाही. म्हणजे पुढच्या वेळी फक्त धुणं आणि एक हात.

अपारदर्शक, ज्याला सॉलिड स्टेन म्हणतात, तो दिसायला रंगासारखाच. जुन्या-नव्या फळ्यांचा भेद, डाग, बुजवलेली भोकं सगळं झाकतो. रंगद्रव्य भरपूर असल्याने ऊनही सगळ्यात चांगलं अडवतो. पण तो पापुद्रा धरतो. खालून ओल वर येते, वरून पाय घासतात, आणि एके दिवशी दारासमोरच पोपडे सुटतात. मग स्ट्रिपर किंवा सँडर. आणि एकदा सॉलिड केला की अर्धपारदर्शकाकडे परत येणं म्हणजे सगळं खरवडणं आलं. कठडा, खांब, जाळी यांना तो शोभतो आणि टिकतो. पाय पडतात त्या फळ्यांना मी तो टाळतो. डेक फारच जुना, ठिगळं लावलेला असेल तरच.

तेलकट की पाण्यातला? तेलकट खोल मुरतो, सावकाश वाळतो, वास जास्त, ब्रश धुवायला टर्पेंटाइन. पाण्यातला लवकर वाळतो, रंग जास्त काळ टिकवतो, बुरशीला कमी खाऊ घालतो, पण काही प्रकार पापुद्र्याकडे झुकतात. जवसाचं नुसतं तेल मात्र नको. बुरशीचं ते आवडतं खाणं, वर्षभरात डेक काळा पडतो.

दुकानातल्या रंगाच्या तक्त्यावर भरवसा ठेवू नका. तुमच्याच डेकच्या, तयार केलेल्या फळीच्या आडोशाच्या कोपऱ्यात नमुना लावा, वाळू द्या, सकाळी आणि दुपारी बघा. तोच डबा दोन लाकडांवर दोन रंगांचा दिसतो.

किती हात द्यायचे? जास्त दिले तर जास्त टिकेल?

नाही! मुरणारा स्टेन लाकूड पिईल तेवढाच. जो पिऊन उरला तो वर साचतो आणि वाळत नाही. एका वर्षी मी उदार मनाने तिसरा हात मारला होता. आठवडाभराने लोकरीचे मोजे घालून डेकवर गेलो, तर प्रत्येक पावलागणिक चिकट ‘चप्’ असा आवाज आणि मोज्यांचे तंतू फळीवर. शेवटी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यांनी गुडघ्यांवर बसून पुसून काढला.

डब्यावर लिहिलंय तेवढेच हात, बहुधा एक किंवा दोन. दुसरा हात सांगितला असेल तर काही तेलकट स्टेन पहिला ओलसर असतानाच मागतात, आधीचा पूर्ण वाळला की दुसरा आत जाऊ शकत नाही. हे डब्यागणिक बदलतं, म्हणून तो बारीक मजकूर वाचाच. पंधरा-वीस मिनिटांनी वर चमकत राहिलेली डबकी फडक्याने पुसून घ्या. जुन्या खडबडीत लाकडावर एका लिटरमध्ये साधारण ४ ते ७ चौरस मीटर होतं. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर डबा बदलला तिथं छटा बदलते. वापरताना दर थोड्या वेळाने तळापासून ढवळा, रंगद्रव्य खाली बसतं.

रोलर किंवा पॅडने पसरवा, पण ब्रशने दाबून आत घाला. एका वेळी दोन-तीन फळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता. मध्येच चहाला उठलात की ओल्या-वाळल्याची रेघ तिथं कायमची राहते. फळ्यांच्या टोकांना दोनदा पाजा. आणि सुरुवात दाराच्या दूरच्या कोपऱ्यातून करा, हे सांगायची गरज नसावी, पण ज्याने स्वतःला कोपऱ्यात कोंडून घेतलं असा मी एकटा नाही.

ऊन असताना लावलं तर पटकन वाळेल, नाही का?

तेच तर नको. तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच वाळतो आणि पट्टे पडतात. हवा १० ते ३२ अंश सेल्सियसच्या दरम्यान, फळी सावलीत, पुढे निदान एक-दोन दिवस पावसाची शक्यता नाही, अशी वेळ निवडा. सकाळी दव वाळल्यावर सुरुवात आणि संध्याकाळी दव पडण्याआधी शेवट.

लावून झालं आणि पाऊस आला. आता?

घाईने झाडू-फडकं फिरवू नका. वाळू द्या. पांढुरके ठिपके किंवा धुऊन गेलेले भाग दिसले तर तेवढी फळी, पूर्ण लांबीची, हलकी घासून पुन्हा करा. मधोमध ठिगळ लपत नाही.

तेलकट फडक्यांना आग लागते म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि या पानावरची ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. जवसासारखी वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, आणि त्या प्रक्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आतल्या आत साठत जाते, आणि काही तासांत काडी न लावता ते पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत आग लागली, तिची सुरुवात २२ व्या मजल्यावर ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांतून झाली होती. तीन अग्निशामक जवान त्यात गेले.

म्हणून काम झाल्याबरोबर, चहाच्याही आधी: प्रत्येक फडकं एकेरी उलगडून बाहेर कुंपणावर किंवा फरशीवर वाळत टाका, कडक झालं की फेका. किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवा. रोलरची बाही आणि सँडरच्या पिशवीतली तेलकट धूळ यांनाही हेच लागू.

साग किंवा इपे (दक्षिण अमेरिकेतलं एक दाट लाकूड) अशा कठीण लाकडाला वेगळं काही?

हो. ही लाकडं इतकी दाट किंवा तेलकट असतात की स्टेन आत जायला जागाच नसते. ८० नंबरने उघडी करा, ब्राइटनर लावा आणि कठीण लाकडासाठीचं पातळ तेल एकच हात द्या, उरलेलं लगेच पुसा. दरवर्षी तेल द्यावं लागेल ही तयारी ठेवा. सॉलिड स्टेन यांच्यावर वाया जातो.

डेक अगदी नवा आहे. लगेच स्टेन करू?

औषध भरलेलं लाकूड आतून ओलं येतं. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. पाण्याचा थेंब जिरला आणि मीटरने होकार दिला की करा. आधी एकदा हलकं धुऊन घ्याच.

त्यावर चालायला, टेबल-खुर्च्या ठेवायला कधी?

अनवाणी किंवा मऊ चपलेने २४ तासांनी, सामान दोन-तीन दिवसांनी, तेलकट असेल तर अजून थोडं. कुंड्या पुन्हा त्याच जागी थेट टेकवू नका, खाली पाय किंवा पट्ट्या द्या म्हणजे हवा खेळेल. रबरी पाठीची पायपुसणी स्टेनवर कायमचा चौकोन सोडते.

पुन्हा कधी करावं लागेल हे कसं कळेल?

दर वसंतात तोच पाण्याचा थेंब, पण दारासमोरच्या, सर्वात जास्त वावराच्या फळीवर. जिरायला लागला की त्याच वर्षी धुऊन एक हात द्या. त्या वेळी काम एका सुट्टीत उरकतं. फटींतला पालापाचोळा मात्र वर्षातून दोनदा पट्टीने काढत जा. तो ओला कुजत बसतो आणि फळीची कड घेऊन जातो.

उरलेला स्टेन लहान, काठोकाठ भरेल अशा बरणीत ठेवा. झाकणावर कोणत्या डेकला, कोणत्या वर्षी, कुठली छटा, किती हात, हे लिहून चिकटवा. तीन वर्षांनी ‘तो तपकिरी की तो दुसरा तपकिरी’ हा वाद घरात होतोच.

मी काहीच केलं नाही, करडाच राहू दिला तर?

चालतं. साग, इपे, देवदार अशा मुळातच टिकाऊ लाकडांचा डेक करडा ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचा चंदेरी रंग मलाही आवडतो. अट एवढीच की वर्षातून एकदा धुवा म्हणजे शेवाळ धरून तो निसरडा होणार नाही, कुसळं निघतील तिथं कागद फिरवा आणि स्क्रूड्रायव्हरची तपासणी सोडू नका. पाइनसारख्या नरम लाकडाला मात्र नुसतं सोडून देऊ नका. ते पाणी पितं आणि फुटतं, भेगांत पुन्हा पाणी साचतं. त्याला निदान पाणी अडवणारं रंगहीन सीलर दरवर्षी पाजा, आणि कापलेल्या टोकांना दोनदा.